डावीकडचे दोन दात

रविवारी दुपारी वन्सं आणि भावजी आले ते आजाऱ्याला बघून मागे कारखान्यात जाऊन बसले, कारण घरात बसायला जागाच उरली नव्हती. पुढच्या खोलीतल्या खुर्च्या शेजाऱ्यांकडे गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी लोखंडी खाट आली होती, आणि खाटेवर काका. कारखाना म्हणायचं एवढंच. अर्ध्या अंगणावर पत्रे टाकून काढलेली ती एक लांबट खोली होती. एका भिंतीला टेबल, दुसऱ्या भिंतीला फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. तीस वर्षं इथे कवळ्या बनत होत्या. शहरातले नऊ दंतवैद्य लोकांच्या तोंडाचे ठसे इथे पाठवायचे आणि इथून दात घेऊन जायचे. या घरात कोणीही आलं की सगळ्यांची नजर आधी त्याच्या तोंडाकडे जायची, माणसाची ओळख पटायची ती नंतर.

काकूंनी टेबलावरचे साचे बाजूला सारले, पांढरी पूड फडक्याने पुसली आणि दोघांना स्टुलं दिली. वन्सं म्हणजे काकांची थोरली बहीण. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी मुख्याध्यापिकेची ऐट गेली नव्हती. स्टुलावर रुमाल अंथरून मगच त्या टेकल्या. धाकट्या भावजींचं औषधाचं दुकान होतं. आज दुकान बंद ठेवून आलो, हे त्यांनी फाटकापासून इथपर्यंत येईतो दोनदा ऐकवलं होतं.

"त्याच्याशेजारी पाच मिनिटं उभी होते मी," वन्सं म्हणाल्या. "माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. रागावलाय का माझ्यावर?"

"तुम्ही डावीकडे उभ्या होतात," काकू म्हणाल्या. "डावीकडचं काही त्यांना कळतच नाही. डोळे चांगले आहेत हो. पण डावी बाजू म्हणून काही असते, हेच त्यांच्या गावी नाही. मेंदूच्या उजव्या भागाला झटका बसला की असं होतं म्हणे. बोलणं मात्र शाबूत आहे."

"त्याचं बोलणं कधी बंद पडलं होतं?" भावजी म्हणाले आणि स्वतःच हसले.

शाबूत होतंच. भिंतीपलीकडून काकांचा आवाज येत होता. कोण आलंय, त्यांना चहा दिला का, बाळ कुठे उलथलाय. अकरा दिवसांपूर्वी त्यांचा डावा हात आणि डावा पाय गेला, आणि ते गेल्याचा त्यांना पत्ताच नव्हता. परवा उजव्या हाताने चाचपडताना त्यांना स्वतःचाच डावा हात लागला, तर त्यांनी काकूंना विचारलं, हा कोणाचा हात इथे आणून ठेवलाय. काकू तिथे हसल्या. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडल्या.

तेवढ्यात चहा घेऊन अक्कल आली.

तिला सगळे अक्कलच म्हणायचे. आठ वर्षांची असताना ती या कुटुंबाच्या गळ्यात पडली. आई आजारात गेली, आणि बाप, म्हणजे काकांचा मधला भाऊ, कामाला जातो म्हणून बाहेर पडला तो परत आला नाही. तिन्ही घरं आधीच भरलेली. तिला पहिल्यांदा दारात बघून काका म्हणाले, ही आली आमची अक्कलदाढ, सगळ्यांच्या शेवटी आणि जागा नसताना. दातांचा धंदा असलेल्या घरात हा विनोद फार चालला. पुढे दाढ गळून पडली आणि अक्कल राहिली.

तिला आपल्याकडे ठेवून घ्यावं असं कोणालाच वाटत नव्हतं, आणि ठेवू नये असं कोणाला उघड म्हणता येत नव्हतं. मग वन्संनी तोड काढली. तीन घरं, चार-चार महिने. फूटपट्टीने रेघा मारून त्यांनी वेळापत्रक केलं, त्याच्या तीन प्रती काढल्या आणि तिन्ही स्वयंपाकघरांत चिकटवल्या. सहा वर्षं ते वेळापत्रक चाललं. चौदाव्या वर्षी पोर इथे कायमची राहिली, कारण तोवर तिला मेणात दात लावता यायला लागले होते. काकूच म्हणाल्या होत्या, राहू दे आता इथेच, हात चांगला आहे तिचा. ते मायेने म्हटलं होतं की कामाला माणूस हवं म्हणून, हे काकूंनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं, आणि आज विचारायला सवड नव्हती.

आता ती तेवीस वर्षांची होती. गेल्या अकरा दिवसांत या घराचं जे काही उभं राहिलं होतं ते तिच्यामुळे. काका पॉलिशच्या चाकाशेजारी कोसळले तेव्हा तिने आधी चाक बंद केलं, त्यांना कुशीवर वळवलं, रुग्णवाहिकेला फोन लावला आणि भिंतीवर पेन्सिलने वेळ लिहून ठेवली, कारण डॉक्टर वेळ विचारतात हे तिला ठाऊक होतं. काकूंचा मुलगा बाळ, वय वर्षं सव्वीस, रुग्णवाहिकेत चढताना चक्कर येऊन पडला. त्याच्या कपाळाला दोन टाके पडले. म्हणजे त्या दिवशी एका घरातून दोन रुग्ण दाखल झाले, आणि दोघांच्या कागदांवर सह्या केल्या त्या अक्कलने.

"पोरीने घर सावरलं," कप उचलत भावजी म्हणाले. "मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आमची पुतणी म्हणजे पोलाद आहे."

"ते काही आपोआप होत नाही," वन्सं म्हणाल्या. "लहानपणी सोसलेलं पुढे कामी येतं. शाळेत मी हेच बघत आले. जपलेली पोरं पहिल्या धक्क्याला आडवी होतात." इथे त्यांनी दाराकडे बघितलं, बाहेर अंगणात पायरीवर बाळ गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. "हिचे आपण लाड केले नाहीत. तेव्हा लोकांनी आपल्याला नावं ठेवली. आता बघा म्हणावं."

"आत्या, तुमच्यात साखर कमी घातलीये," अक्कल म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. तो चेहरा काकूंच्या चांगल्या ओळखीचा होता. लहानपणी ही पोर स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभी राहायची आणि आत भांडी कशी आदळतायत ते ऐकून, आज काही मागावं की नाही, हे ठरवायची. काकूंना तेव्हा ते शहाणपण वाटायचं. बाळ त्याच वयात जमिनीवर लोळण घेऊन जे हवं ते मिळवत होता.

वन्संनी पर्समधून एक कागद काढून टेबलावर पसरला. त्यावर फूटपट्टीने रेघा मारलेल्या होत्या. काकूंना ते जुनं वेळापत्रक आठवलं, पण त्या पुढे वाकून बघायला लागल्याच. दिवसाचे तास पाडले होते. अंघोळ, व्यायाम, जेवण, कूस बदलणं, कारखाना, दंतवैद्यांच्या फेऱ्या. दुपारच्या दोन तासांपुढे काकूंचं नाव होतं. बाळचं नाव कुठेच नव्हतं. बाकी सगळ्या चौकटींत एकच अक्षर होतं, अ.

"आणि ते शिकायला जायचं आहे तिला, त्याचं?" काकूंनी विचारलं. कोणीतरी विचारायला हवं होतं, आणि उत्तर वन्संच्या तोंडून यावं अशी त्यांची इच्छा होती.

त्याच प्रश्नासाठी आज सगळे जमले होते, पण चहा अर्धा होईपर्यंत कोणी तो काढला नव्हता. सहा तासांच्या अंतरावर एका मोठ्या रुग्णालयात माणसाचे कृत्रिम अवयव बनवायला शिकवायचे. अपघातात गेलेलं नाक, भाजलेला कान, कॅन्सरमध्ये काढून टाकलेला डोळा. दोन वर्षांचं शिक्षण, राहायला स्वतंत्र खोली. अक्कलने नमुना म्हणून मेणाचा एक कान करून पाठवला होता आणि तिची निवड झाली होती. गेल्या सोमवारी तिला हजर व्हायचं होतं. तिने एक आठवड्याची मुदत मागून घेतली, ती उद्या संपत होती. संध्याकाळी सहाची बस गाठली तरच पोचता आलं असतं.

"कान कुठे पळून जातायत," भावजी म्हणाले. "पुढच्या वर्षी शिकेल."

"पुढच्या वर्षी घेत नाहीत," अक्कल म्हणाली. "एकदा नाही म्हटलं की पुन्हा अर्ज करता येत नाही."

"म्हणजे अजून जायचं मनात आहे तुझ्या?" वन्संनी चष्मा काढला. "घर असं असताना?"

या पोरीने हो म्हटलं तर उद्यापासून नवऱ्याला कूस बदलून देणं, नऊ दंतवैद्य, आणि अंगणात बसलेला तो सव्वीस वर्षांचा मुलगा, सगळं काकूंच्या एकटीच्या अंगावर येणार होतं. त्यांचं वय अठ्ठावन्न होतं आणि उजवा खांदा वर्षभर दुखत होता. अकरा दिवस त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तू थांबशील का. विचारलं तर ती नाही म्हणेल, ही भीती.

"मला आधी एक सांगायचंय," अक्कल म्हणाली, आणि स्टूल ओढून बसली. मोठ्यांसमोर ती कधी बसत नसे, म्हणून तिघंही तिच्याकडे वळले.

"काकांना झटका त्या दिवशी आला, पण सुरुवात आधीच झाली होती. तीन आठवडे आधी. ते कवळीला दात लावायला बसले की डावीकडचे शेवटचे दोन दात सोडून द्यायचे. पहिल्यांदा मला वाटलं विसरले. मग रोजच व्हायला लागलं. बारा दात लावायचे आणि झालं म्हणून ट्रे सरकवायचे. राहिलेले दोन मी लावून टाकायची. वीसेक कवळ्या मी तशा पुऱ्या केल्या आणि कोणाला काही बोलले नाही." ती एका लयीत बोलत होती, रुग्णालयात डॉक्टरांना सांगितलं होतं तसंच. "परवा मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ते लहान झटके होते. तेव्हाच आणलं असतं तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं."

भिंतीपलीकडून काका ओरडले, मला चहा कोण देणार आहे की नाही. कोणी उठलं नाही.

"अगं मग बोलली का नाहीस?" वन्संनी विचारलं.

"सवय नाही," अक्कल म्हणाली. "चूक दिसली की नीट करून ठेवायची आणि गप्प बसायचं. दुसऱ्यांच्या घरी राहायचं तर ते बरं पडतं. काकांना चूक दाखवली असती तर ते भडकले असते, मग घरात चार दिवस सगळे एकमेकांवर चिडले असते. मला वाटलं, थकले असतील, होईल ठीक."

"दुसऱ्यांच्या घरी," वन्सं म्हणाल्या. तो शब्द त्यांना लागला होता. भावजी कपातला गाळ निरखत बसले.

काकूंचा हात टेबलाच्या कडेवर होता तो तिथेच राहिला. कारण जे अक्कल सांगत होती ते त्यांना माहीत होतं.

या कारखान्यात कवळीला पॉलिश करणं आणि डब्यात भरणं हे काकूंचं काम. पॉलिशला येण्याच्या आधी, रोज संध्याकाळी दिवे बंद करताना, फळीवरच्या प्रत्येक ट्रेवरून बोट फिरवून त्या दात मोजायच्या. एका जबड्याला चौदा. तीस वर्षांची सवय होती ती. त्या महिन्यात एका संध्याकाळी त्यांच्या बोटाखाली बारा आले. सकाळी त्याच ट्रेमध्ये चौदा होते. दुसऱ्या संध्याकाळी बारा, सकाळी चौदा. तिसऱ्या दिवशी त्यांना काय ते कळलं. नवऱ्याचं काहीतरी बिघडतंय, आणि ही पोर ते निस्तरतेय. विचारायला तोंड उघडलं की डॉक्टर, तपासण्या, दंतवैद्यांना कुणकुण, आणि काम दुसरीकडे. नाही उघडलं तर सकाळी चौदा दात असतातच. काकूंनी तोंड उघडलं नाही. अठरा संध्याकाळी त्यांनी बारा दात मोजले आणि दिवे बंद केले.

हे आत्ता सांगायला हवं होतं. मलाही माहीत होतं, एवढे तीनच शब्द. ते त्यांच्या जिभेवर आलेही होते. पण वन्सं आधी बोलल्या.

"मग आता प्रश्नच मिटला. मी तुला दोष देत नाही, लहान आहेस. पण तुझ्या गप्प बसण्याने हे झालंय, तर सोडून जाणं तुझ्याच मनाला पटणार नाही. हो की नाही?"

अक्कलचे खांदे किंचित खाली आले. तिने मान हलवली. हो म्हणून.

काकूंना हायसं वाटलं. लाज नंतर वाटली, पण पहिल्यांदा हायसं वाटलं, हे त्या पुढे कधीच स्वतःपासून लपवू शकल्या नाहीत. जिभेवरचे तीन शब्द त्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकले.

"आई, तिला सांग ना."

दारात बाळ उभा होता. कपाळावर टाक्यांची पट्टी, दाढीचे खुंट वाढलेले, डोळे सुजलेले. पोलादासमोर उभा केला तर कणीक वाटावा असा अवतार.

"काय सांगू?" काकू म्हणाल्या.

"मी तुला सांगितलं होतं ते. बाबा ताटातलं अर्धंच जेवतात. डावीकडचं तसंच टाकतात आणि वाढा म्हणतात. डाव्या पायातली चप्पल निघून पडली तरी तसेच चालत राहिले. मी तुला दोनदा सांगितलं, त्यांना दवाखान्यात ने. तू म्हणालीस, तुला काय, कशाचीही भीती वाटते." त्याने अक्कलकडे बोट केलं. "मग ती एकटी गप्प बसली असं का चाललंय?"

"बाळ, तुला लहानपणी कपाटातसुद्धा वाघ दिसायचा," वन्सं म्हणाल्या.

"हो ना," भावजी म्हणाले. "विमान गेलं तरी पलंगाखाली जायचा."

दोघं हसले. ते हसणं जुनं होतं, वीस वर्षं या मुलाने काहीही सांगितलं की ते व्हायचं. बाळ हसला नाही. अक्कलने मात्र मान वळवून काकूंकडे बघितलं.

"काकू, बाळदादाने सांगितलं होतं तुम्हाला?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. उलट काहीतरी मागितल्यासारखा होता तो आवाज, आणि या पोरीने कधी काही मागितल्याचं काकूंना आठवत नव्हतं.

"अगं, त्याचं काय घेऊन बसलीस," काकू म्हणाल्या. "त्याला रोजच काहीतरी दिसतं. कशाकशाकडे लक्ष देणार माणूस?"

अक्कल त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. फार वेळ नाही. तीन स्वयंपाकघरांच्या दारांत उभं राहून माणसं वाचायला शिकलेली पोर ती. तिला वेळ लागतच नसे. काकूंना कळलं की तिला कळलं. आता ही सगळ्यांसमोर फाडफाड बोलणार, त्यांनी मनाशी तयारी केली.

"चाकाचा आवाज फार असतो," अक्कल वन्संकडे वळून म्हणाली. "काकू पॉलिशला बसलेल्या असताना दादा सांगायचा. ऐकू येत नाही तेव्हा काही. आणि ट्रे मीच लावायची, काकूंपर्यंत यायच्या तेव्हा कवळ्या पुऱ्याच असायच्या."

"बघा," वन्सं म्हणाल्या. "याला म्हणतात समज. कोणाच्या अंगाला काही चिकटू दिलं नाही."

बाळने एकदा आईकडे बघितलं, एकदा अक्कलकडे, आणि वळून काकांच्या खोलीत निघून गेला. थोड्या वेळाने तिथून काकांचा आवाज आला, अरे सांडतोयस किती, आणि बाळचा आवाज, सांडू दे, गिळा तुम्ही.

चार वाजता वन्सं आणि भावजी निघाले. जाण्यापूर्वी वन्संनी भावाला उजवीकडून भेटून घेतलं. त्याने त्यांना बरोबर ओळखलं आणि विचारलं, तू कधी आलीस, कोणी सांगितलं नाही मला. वेळापत्रकाचा कागद त्यांनी काकूंच्या हाती दिला आणि ठळक दिसेल असा लाव म्हणून बजावलं. भावजींनी खिशातून मलमाची एक ट्यूब काढून दिली, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. फाटकापाशी ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही नशीबवान. ही पोरगी आहे म्हणून आम्ही निर्धास्त आहोत."

काकू कारखान्यात परतल्या तेव्हा अक्कल टेबल आवरत होती. मेण कापायची सुरी, लहान चमचे, स्पिरिटचा दिवा. स्वतःची हत्यारं तिने एका फडक्यात गुंडाळली आणि काकांची त्यांच्या जागी परत लावली. काकू स्टुलावर बसल्या. वन्संचा रुमाल तिथेच विसरलेला होता, त्याच्यावरच.

"कशाला खोटं बोललीस माझ्यासाठी?" त्यांनी विचारलं.

"तुमची अडचण झाली होती."

"मी संध्याकाळी मोजते, हे तुला माहीत आहे."

"तुम्हीच शिकवलं मला मोजायला," अक्कल म्हणाली. फडक्याची गाठ मारता मारता ती थांबली. "ते दोन दात मी तुमच्या मोजणीआधीसुद्धा लावू शकत होते, काकू. ट्रे दुपारीच यायचे माझ्याकडे. मी मुद्दाम थांबायची. तुम्ही दिवे बंद करून गेलात की लावायची, म्हणजे संध्याकाळी तुम्हाला बारा दिसतील आणि सकाळी चौदा. मला वाटायचं, आज विचारतील. एकदा तुम्ही विचारलं असतं की मला सगळं सांगता आलं असतं. आपणहून सांगायला मला जमत नाही."

अठरा संध्याकाळी या खोलीच्या दोन टोकांना दोघी जणी एकमेकींची वाट बघत होत्या, आणि त्यातली एक तेवीस वर्षांची होती. माझं चुकलं असं म्हणायला काकूंनी तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच आलं.

"पण आता थांबतेयस ना? मान हलवलीस तू वन्संसमोर."

"थांबणार होते. तेव्हा खरंच थांबणार होते." तिने गुंडाळी पिशवीत ठेवली. पिशवी टेबलाखाली भरून तयार होती. ती कधी भरली कोणास ठाऊक. "बाळदादा बोलला तेव्हा तुम्ही हो म्हणाला असतात, तरीही थांबले असते. आपण दोघी चुकलो, तर दोघी मिळून निस्तरू, असं वाटलं असतं. सहाची बस आहे. मी निघते."

"आणि लोकांना काय सांगू मी?"

"सांगा, ऐकलं नाही तिने. मला नावं ठेवली तर चालतील." ती उभी राहिली. "नऊही ठिकाणी फोन करून सांगा, महिनाभर निम्मं काम पाठवा. शेवटचे दात नीट बसतात की नाही ते तुम्ही बघाल, तुमचं बोट पक्कं आहे. आणि काकांना भरवायला दादाला बसवा. तो घाबरतो, पण घाबरत घाबरत करतो सगळं. तुम्ही त्याच्या हातातून घेऊन मला देत होता, म्हणून त्याला जमत नव्हतं."

आत काका हाका मारत होते. अक्कल, अगं अक्कल, हा बाळ मला उपाशी मारणार. तिने त्या दिशेला बघितलं आणि क्षणभर काकूंना आशा वाटली. मग ती आत गेली, काकांच्या उजव्या हाताला उभी राहिली, काहीतरी बोलली, ते मोठ्याने हसले, आणि ती परत आली. काय बोलली ते काकूंनी विचारलं नाही. पिशवी तिने खांद्याला लावली.

"मी एकटी कशी करू?" काकू म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी हा प्रश्न या घरात कोणालाच विचारला नव्हता. "सांग ना मला. कसं करतं माणूस?"

अक्कलने विचार केला. खरोखरच केला, एखादं उपयोगी पडेल असं काहीतरी आपल्याजवळ आहे का, हे ती शोधत होती.

"पहिला महिना जड जातो," ती म्हणाली. "रोज वाटतं, कोणीतरी न्यायला येईल. मग कोणी येणार नाही हे कळतं. त्यानंतर झोप लागायला लागते."

काकूंनी तिच्या चेहऱ्यावर राग शोधला. सापडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. पण ती नुसती माहिती देत होती, घरात नव्याने आलेल्या माणसाला नळ कुठे आहे ते सांगावं तशी.